दुसऱ्या खेळाडूची बटणं

अपघातात धाकट्याचा उजवा हात गेला आणि घरच्या गेमचा इवलासा कंट्रोलर त्याला पेलेना. मग थोरल्याने बंद पडलेल्या गेम पार्लरमधल्या जॉयस्टिक आणि मोठाली बटणं आणली, दोघांसाठी दोन जोड फळीवर ठोकले आणि वायरी ओढून कन्सोलला जोडले. आता एका हातानेही खेळता येत होतं. रोज संध्याकाळी पडद्यावर दोघा भावांची मारामारी जुंपायची आणि धाकटाच जिंकायचा.

आजही थोरला सपशेल हरला. बोटं चोळत म्हणाला, “बटणं दाबून दाबून बोटांचा भुगा झाला, पण तू काही आटपत नाहीस, पैलवान.”

धाकट्याने टीव्ही बंद केला.

“दादा, तुझ्या बटणांच्या वायरी मी सकाळीच उपटून ठेवल्यात. तुला पत्तासुद्धा लागला नाही.”