पापडातली कचकच

यातला एक शब्द जरी खोटा असेल, तर माझी जीभ झडो. कुणालाही विचारा चौलात.

सकाळी दहाला आमच्या शेजारच्या गौरीचा फोन वाजला. पलीकडे तिचे देवव्रत सर. समुद्रावर विमान घिरट्या घालत होतं, त्याच्या पोटाखाली ह्यांचं यान. आत माणूस नव्हता, पण चौदा जणांची सहा वर्षं होती. सुटलं की असं पळणार, की चौलला शिंकावं आणि मुरुडला नाक पुसावं. एवढ्या वेगात पिठाहून बारीक धुळीचा कणही गोळीसारखा लागतो. यानाच्या नाकाला खड्डे पडतात, खड्ड्यांपाशी हवा खवळते, ताप वाढतो, सगळं जळून जातं. वर धूळ नाही ना, एवढं सांगायचं काम गौरीचं.

पहाटे तिने किनाऱ्यावरून फुगा सोडला होता. त्याला बांधलेल्या यंत्राने हवा स्वच्छ सांगितली होती. पण आता ऊन पिवळट पडलेलं. दुसरा फुगा सोडायचा तर आजचं उड्डाण गेलं. आधी दोनदा तिच्याच 'नाही'मुळे गेलं होतं.

"गौरी, हो की नाही?"

"हो, सर."

फोन ठेवून ती अंगणात आली. तिची आई कुमुद पोह्यांचे पापड वाळत घालत होती. तिने अर्धओला तुकडा लेकीच्या तोंडात कोंबला.

"कचकच लागते का गो? तीनदा झटकले. अरबांकडची धूळ आलीय मेली."

लागत होती. चांगली दाताखाली लागत होती.

गौरीने फोन लावला. परत लावला. अकरा वेळा लावला. उड्डाणाच्या खोलीत सगळ्यांचे फोन बाहेर ठेवून घेतात. ती पापडांमध्ये उकिडवी बसून राहिली.

अर्ध्या तासाने सरांचाच फोन आला.

"गेलं गौरी. उतरताना नाक जळालं." मग म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुठे माहीत होतं?"

गौरीने फोन ठेवला. त्यानंतर ती कामावर गेलीच नाही. अजून घरातच असते.

आता जिभेची शपथ घेतलीय, म्हणून सांगते. पोरीसाठी एक गोष्ट मी मागची पुढे केली. पापड आईने आधी भरवला, सरांचा फोन नंतर आला. ती 'हो' म्हणाली, तेव्हा तो तिच्या तोंडातच होता.