बाहेरचा माइक

अठ्ठ्याण्णव साली नाशिक रोडच्या धम्मपालनं हौसेनं व्हिडिओ कॅमेरा घेतला. पण कॅमेऱ्यातला माइक त्याच्याच तोंडाशी असायचा. त्यामुळे गाणं म्हणणारी संजना लांबून ऐकू यायची आणि बापाचा श्वास, खोकला, बडबड मात्र ठणठणीत. वैतागून त्यानं वायरीचा वेगळा माइक आणला आणि पोरीच्या हातात दिला.

"आता बघ, माझी कटकट गेली. नुसती पोरगी ऐकू येते!" तो बायकोला, लताला, खुशीत म्हणाला. पुढचं सगळं शूटिंग त्याच माइकवर झालं.

तो गेल्यावर काही महिन्यांनी संजनानं कॅसेट काढल्या. बाबा एकीतही दिसेनात. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. तिनं स्वच्छ आवाजाची एक कॅसेट लावली.

"ही नको," लताबाई म्हणाल्या. "माइक आणायच्या आधीची लाव."

टीव्हीवर तरुण लता पदरात तोंड लपवून पाठमोरी उभी होती. अगदी जवळून आवाज आला, "लाजतेस काय? इकडं बघ की. कुणी नाही, मीच आहे."

"बघतेय ना, अहो," लताबाई म्हणाल्या.