किरकोळ लागलंय

कारखान्यात कुणाला काही झालं, की घरी कळवायला सेफ्टीचे साहेब स्वतः जात. माणूस जागच्या जागी गेलेला असला, तरी दारात त्यांचं वाक्य ठरलेलं असे, "किरकोळ लागलंय, दवाखान्यात चला." खरं काय ते तिथं डॉक्टर सांगत. लोकांना धीर राहतो, असं साहेब म्हणत. खरं तर रडारड त्यांना बघवत नसे.

आज प्रेस मशीनवरच्या एका कामगाराचं बोट चेचलं. टाके पडले, पट्टी झाली, आणि तो दवाखान्याच्या बाकावर चहा पीत बसला. घरी त्याची आई एकटी वाट बघत असेल, म्हणून साहेबांनी जीप काढली.

म्हातारी दारातच भाजी निवडत बसली होती. साहेबांना बघताच तिच्या हातातली जुडी गळून पडली.

"मावशी, किरकोळ लागलंय त्याला."

"थोरला गेला तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"नाही हो, या खेपेला खरंच किरकोळ आहे. शपथ घेतो."

"शपथही घेतली होतीत," एवढं बोलून ती उंबऱ्यावरच कोसळली. शेजारणींनी तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले. काही उपयोग झाला नाही.

साहेब दवाखान्यात परतले. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आईला जरा चक्कर आलीय. काळजीचं काही नाही. घरी चल."

त्याने चहाचा कप सावकाश खाली ठेवला.

"कधी गेली, साहेब?"