एकवीस की तीस

सांगून उपयोग नाही, कुणाला पटायचं नाही. पण त्या म्हाताऱ्या वायरमनचं चिमट्याचं मीटर बत्तीस वर्षांत एकदाही खोटं बोललं नव्हतं. गल्लीत भांडण झालं, की लोक त्याच्याऐवजी त्याच्या मीटरलाच पंच म्हणून बोलावून न्यायचे.

तेच मीटर त्या दुपारी कपबशा भाजायच्या विजेच्या भट्टीच्या वायरला अडकवलं. एकवीस अँपिअर. अर्ध्या तासात पंचवीसचा ब्रेकर पडला. तिसऱ्यांदा. आत दोनशे कप अर्धकच्चे, आणि तापमानाचा आकडा उतरत चाललेला.

“ब्रेकरच कुचकामी,” वायरमन म्हणाला. “चाळीसचा बसवतो. बघू कसा पडतो ते.”

“तो नाही पडणार. वायर जळेल,” सून म्हणाली. तीही वायरमनच, त्याच्याच हाताखाली शिकलेली. तिच्या नव्या मीटरने त्याच वायरवर तीस दाखवले होते.

“बिघडलंय तुझं मीटर.”

“बाबा, तुमचं मीटर सरासरी काढतं, आणि विजेची लाट पुरी आहे असं धरून आकडा सांगतं. भट्टीचा हा कंट्रोलर प्रत्येक लाट मधोमध कापून सोडतो. वायरला सरासरी कळत नाही, उष्णता कळते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून आधी वर्ग करायचे, मग त्यांची सरासरी, मग वर्गमूळ.”

“चौथ्यांदा सांगतेयस.”

“चौथ्यांदा ऐकत नाहीयात.”

“तुम्ही दोघं आधी एका आकड्यावर या,” भट्टीची मालकीण म्हणाली. “हे कप गेले तर ऑर्डर गेली माझी.”

वायरमनने स्वतःच्या मीटरला एक टपली मारली. पुन्हा एक. मग पिशवीतून चाळीसचा ब्रेकर काढला. सून बोर्डासमोर आडवी उभी राहिली. “बसवा. पण आधी वायरला हात लावा.”

वायर काय तापली होती म्हणता! जवळून गेलेली माशी भाजून खाली पडली. वायरमनने दोन बोटं टेकवली, तर वरचं आवरण मेणासारखं दबलं. त्या बोटांचे ठसे अजून आहेत तिथे, हवं तर जाऊन बघा.

त्याने ब्रेकर परत पिशवीत टाकला. आधी जाड वायर ओढली, मगच तो चाळीसचा बसवला, भट्टी पेटली, दोनशेच्या दोनशे कप उतरले. आणि मग मालकिणीदेखत सुनेच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, “पोरी, तुझं बरोबर होतं. चूक माझी.”

“बाबा,” इथवर गप्प बसून ऐकणारी माझी सून म्हणाली, “माशीपर्यंत चालवून घेतलं. पण हे शेवटचं तुम्ही कधी म्हणालात?”