विमान अडवणारा

बाबांची तब्येत अचानक खालावली, तेव्हा सकाळच्या विमानात एकच सीट शिल्लक होती. ती दादाने धाकट्या बहिणीला दिली. तो त्याच विमानतळावर तपासणी इंजिनिअर. ड्यूटी संपवून मागून निघणार होता.

नेमकं त्याच विमानाच्या चाकाजवळ त्याला हायड्रॉलिकचं तेल गळताना दिसलं. घड्याळ लावून त्याने थेंब मोजले. नियमाने चालतात त्याच्या दुप्पट पडत होते.

"साहेब, एवढ्याशाने काय होतंय? करून टाका सही," मेकॅनिक म्हणाला.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "दादा, आम्ही आत बसलोय कधीचे. हे हलत का नाही रे?"

त्याने सहीचा कागद हातात घेतला. पण याच तेलाच्या दाबावर विमानाचे ब्रेक लागतात, आणि आत पावणेदोनशे माणसं होती. त्यात तीही होती. त्याने सही केली नाही. सगळ्यांना खाली उतरवलं. सील बदलून पुन्हा तपासणी होईपर्यंत तीन तास गेले.

धाकटी हॉस्पिटलात पोहोचली, तेव्हा बाबांना जाऊन अर्धा तास झाला होता.

संध्याकाळी दादा आला. ती त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "शेवटपर्यंत माझीच वाट बघत होते रे! तू तिथेच असतोस ना? विमान कोणी अडवलं, त्याचं नाव शोधून दे मला. पूर्ण नाव."

 

पूर्ण नाव सांगायचं, तर मधे बाबांचंच नाव घ्यावं लागणार होतं.