हिरवळीतलं भात

लॉनच्या उजव्या कोपऱ्यात भात डोलत होतं.

रियाने आधी डोळे चोळले. कोंडाण्याच्या डोंगरावरून ढग थेट फाटकापर्यंत उतरले होते. सगळंच धूसर. भास होत असेल, असं तिला वाटलं. ती जवळ गेली. भासबिस काही नव्हता. गुडघ्याएवढं हिरवंगार भात उभं होतं, आणि त्याच्या मुळाशी बसून इंदूबाई रियाचं लॉन उपटत होत्या.

“मावशी, अहो, हे काय करताय?”

“गवत काढतेय,” इंदूबाई शांतपणे म्हणाल्या. “तुमीच तर सांगून गेलावता.”

“ते गवतच तर ठेवायचं होतं! ते लॉन आहे. काढायचं होतं ते हे!”

इंदूबाईंनी एकदा भाताकडे पाहिलं, एकदा मुठीतल्या गवताकडे. “भातातलं गवत काढायचं आमाला ठाव हाय, मॅडम. गवतातलं भात काढायची सवय नाय.”

रियाने कपाळावर हात मारला. बंगल्याची बाग आखून द्यायचं, स्वतःच्या नावावर घेतलेलं तिचं हे पहिलंच काम. दारात उभं राहिलं की नजर खिळली पाहिजे, एवढंच मालकाने, ऋषिकेशने, सांगितलं होतं. तिने पांढरे गोटे आणले, काळ्या दगडाचं कारंजं बसवलं, झाडांच्या बुंध्यांशी दिवे लावले. तरी काहीतरी चुकतच होतं. दारातून निघालेली नजर सपाट हिरवळीवरून घसरत जायची आणि तारेच्या कुंपणावर आपटायची. शेवटी लॉन लावून ती दुसऱ्या कामावर गेली, ती दोन महिन्यांनी आज उगवली होती. आणि आज हे.

चिडावं तरी कुणावर? हे शेत इंदूबाईंचंच होतं. दोन वर्षांपूर्वी दिरांनी वाटण्या मागितल्या, जमीन विकली गेली, तिथे बंगला उभा राहिला. बागेत गवत बेणायला बाई हवी म्हटल्यावर इंदूबाई सगळ्यांच्या आधी फाटकाशी हजर. पहिल्याच दिवशी त्यांनी रियाला सांगून टाकलं होतं, “काम काय, कुठंबी मिळंल. पन हितं आत यायला मला दुसरं निमित्त नाय.” रियाच्या मनाला ते लागलं होतं.

“मावशी, उद्या मालक येताहेत,” ती आवाज उतरवून म्हणाली. “त्यांनी हे पाहिलं तर तुम्हाला येऊ नका म्हणतील. मी काही करू शकणार नाही. आत्ताच्या आत्ता उपटून टाका.”

इंदूबाईंनी भाताच्या एका जुडीभोवती बोटं गुंडाळली. ओढली मात्र नाही. “पोटरीला आलंय वं. पोटातली लोंबी आता भाईर येल. अशात कुनी उपटतं का?”

मग आपणच उपटावं म्हणून रिया वाकली. तेवढ्यात बंगल्याकडून वारा आला, ढग जरा वर सरकले. भात कलंडलं, सावरलं, पुन्हा कलंडलं. ती लाट कोपऱ्यातून निघाली ती कुंपणापलीकडच्या शेतांत गेली आणि तशीच डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचली. रिया धावत दारात जाऊन उभी राहिली. त्या कोपऱ्यात कुंपण दिसतच नव्हतं. आतलं भात, बाहेरचं भात, त्यावर ढग, ढगांत डोंगर. सगळं एकच झालं होतं. किती वेळ ती तशीच पाहत राहिली, तिचं तिला कळलं नाही.

मग हळूहळू तिला बाकीचंही दिसू लागलं. वीत-वीत अंतरावर चार-चार काड्या, जुन्या बांधाच्या वळणाने वळलेल्या. आपोआप उगवलेल्या भाताला काय ही शिस्त! निसर्गाची नजरच वेगळी, तिला वाटलं. पाच वर्षं कॉलेजात शिकून तिला हे वळण सुचलं नव्हतं.

तिने भाताला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ऋषिकेश दारात उभा राहिला. इंदूबाई कारंज्याआड पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्याने गोट्यांकडे पाहिलं नाही, कारंज्याकडे पाहिलं नाही.

“कुंपण कुठे गेलं?” त्याने विचारलं.

“आहे तिथेच आहे. तुम्हाला दिसतंय ते भात आहे.” रियाला एकदम भरून आलं. “आम्ही लावलेलं नाही. इथे इंदूबाईंचं शेत होतं. वर आपण बंगला बांधला, लॉन लावलं, तरी जमिनीला अजून आठवतंय.”

ऋषिकेश दोन पावलं पुढे झाला. वारा येत होता, जात होता.

“राहू दे ते,” तो शेवटी म्हणाला. “पण पुढच्या वर्षी आठवेल ना तिला?”

“इंदूबाई असल्या तर आठवेल.”

“मग त्यांना म्हणावं, आता कुठे जायचं नाही.”

इंदूबाईंनी तोंडावरचा पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. घरी इंदूबाईंची सून रूपाली गौरीचं सामान काढायला माळ्यावर चढली होती. बियाण्याचा जुना डबा तिने बाजूला सारला, आणि थबकून पुन्हा उचलून पाहिला.

“आई, शेत गेल्यापासून ह्यो डबा भरलेला व्हता ना? रिकामा कसा लागतोय?” ती वरूनच म्हणाली. “आनि काय वं, बंगल्यातल्या जमिनीला भात आठवलं म्हनं? खरं का?”

इंदूबाईंनी बशीत चहा ओतला. त्यावर हलकेच फुंकर घातली.

“जमिनीला कुठलं आठवतंय गं,” त्या म्हणाल्या. “मीच आठवन करून दिली तिला.”