प्रत्येकाला एक मासा

दिघीच्या खाडीच्या तोंडाशी अचानक वारा उसळला आणि धनेशच्या छोट्या होडीचं इंजिन पाणी शिरून बंद पडलं. बायको सुचिता डब्याने पाणी उपसत होती, तो वल्ह्याने होडी सावरत होता. तेवढ्यात आगरदांड्याला निघालेल्या फेरीबोटीवरची एक बाई चालकावर ओरडली, "आम्हाला उशीर झाला तरी चालंल, पयलं त्यांना घ्या!" बोट वळली. अनोळखी हातांनी दोर टाकून होडी बांधली आणि दोघांना मासळीच्या टोपलीसकट वर ओढलं. धक्क्यावर सुचिता वाट अडवून उभी राहिली. "दुसरं काय देऊ? येकेक मासा तरी न्या." सगळ्यांनी घेतला. शेवटी गळ्यात तुळशीमाळ असलेले आजोबा आले, तशी ती ओशाळून बाजूला झाली. आजोबांनी मात्र खिशातला धुवट रुमाल पसरला. "मी खात नाही पोरी, शेजाऱ्यांना देईन. पण तुझा मासा घेतल्याशिवाय जायचा नाही."